शब्दाचा पहिला आवाज: बालवाडीतल्या एका खेळामागचा इतिहास

“काकडी, कागद, माकड. यांत वेगळं कोण?” बालवाडीच्या ताई असं विचारतात तेव्हा मुलांना एकही अक्षर दाखवलेलं नसतं. उत्तर नुसतं कानाने शोधायचं असतं. साधा वाटणारा हा खेळ वर्गात यायला मात्र फार काळ लागला.

पंतोजींच्या शाळेत शिक्षण सुरू व्हायचं धुळपाटीवर. आधी ‘ओनामासीधं’, मग मुळाक्षरं, मग बाराखडी, सगळं घोकून. आपल्या वर्णमालेचा क्रम अफाट विचारपूर्वक लावलेला आहे: ‘क’ वर्ग कंठात, ‘प’ वर्ग ओठांवर. पण ही मांडणी उच्चारांचा अभ्यास करणाऱ्याच्या सोयीची. क, ख, ग, घ असे जवळजवळचे आवाज एका दमात ऐकून चार वर्षांच्या मुलाने ते वेगळे कसे करावेत?

छापील अंकलिपीने अक्षराशेजारी चित्र आणलं. ‘ग गणपतीचा’ म्हणताना शब्दाचा पहिला आवाज अक्षराशी जोडला गेला खरा, पण पाठांतरानेच. ‘ण’ आणि ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’. मुलं हेही त्याच चालीवर म्हणून जातात. कान जागा असता तर एखाद्याने तरी विचारलं असतं, ‘बाळ’मध्ये आधी ‘बा’ येतो ना? ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतला ‘च’ सारखा नाही, हेही अंकलिपी सांगत नाही.

मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. तिथे खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवताना मूल अक्षराचं नाव न घेता त्याचा आवाज काढी. त्याच धर्तीवर गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, पुढे ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे आल्या. खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यातल्या मुलांपर्यंत बालशिक्षण नेण्याचं त्यांचं काम मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं.

कानाच्या खेळांना संशोधनाचा आधार नंतर मिळाला. 1974 मध्ये इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांना शब्दातले तुकडे टेबलावर टकटक करून मोजायला लावले. चार वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना ‘का-ग-द’सारखे तुकडे पाडता आले, पण त्याहून सुटे ध्वनी एकालाही वेगळे करता आले नाहीत. 1983 मध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये दाखवलं की वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखण्याचा सराव, विशेषतः अक्षरांची जोड देऊन केलेला, पुढे वाचनाला उपयोगी पडतो.

मराठीत हे करताना इंग्रजी फोनिक्सची, म्हणजे सुट्या ध्वनींवरून वाचन शिकवण्याच्या पद्धतीची, नक्कल करू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘काकडी’तला पहिला आवाज लहान मुलाला ‘का’ असाच ऐकू येतो आणि आपली लिपीही तो एकाच अक्षरात लिहिते. ‘क्’ आणि ‘आ’ वेगळे करणं ही नंतरची पायरी. कन्नडही अशीच अक्षरलिपी. तिथल्या मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या अभ्यासातही सुट्या ध्वनींची जाण सावकाश येताना दिसली. भेंड्यांत ही पायरी सहज दिसते: गाणं ‘री’वर संपलं की मोठी मुलं ‘र’वरून कुठलंही गाणं उचलतात, बालवाडीतलं पोर मात्र ‘री’नेच सुरू होणारं गाणं हवं म्हणून अडून बसतं.