दहावीच्या गणिताचा शेरा : घरी काय कळले आणि केव्हा कळले

२०२४ च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक बातमी फिरत होती : गणित-विज्ञानात आता ३५ लागत नाहीत, २० पुरे. काही घरांत पेढे आणायचेच बाकी होते. मूळ तरतूद एवढी सोपी नव्हती. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात म्हटले होते ते असे : या विषयांत २० ते ३४ गुण मिळवणाऱ्याला अकरावीत जाता येईल, मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा पडेल आणि गणित किंवा विज्ञानावर आधारलेल्या पुढच्या शिक्षणाचा रस्ता बंद होईल. ज्याला शेरा नको, त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. शिवाय हे लगेच लागू होणार नव्हते. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोचल्यावरच त्याचा अंमल होणार होता. हा खुलासा मागाहून आला आणि बातमी पोचली होती त्यातल्या निम्म्या गटांवरही तो फिरला नसेल.

हा गोंधळ २०२४ मध्ये सुरू झालेला नाही. हायस्कुलातल्या गणिताबद्दल घराला काय सांगायचे, कोणत्या शब्दांत आणि वर्षाच्या कोणत्या टोकाला, हा प्रश्न जुना आहे. पुण्यात तो जास्त खटकतो, कारण राज्याची पाठ्यपुस्तके सेनापती बापट रस्त्यावर होतात, परीक्षेचा कारभार भांबुर्ड्यातून चालतो आणि अभ्यासक्रमाचे काम कुमठेकर रस्त्यावर. एक रिक्षा केली तर तिन्ही फाटकांना तासाभरात हात लावून येता येईल (लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीची हमी मात्र कोणी देऊ नये). तरी गणिताची बातमी पालकाला आधी कळते ती क्लासवाल्याकडून.

फार मागे जाण्याची गरज नाही. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर (म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले) झालेले पहिले भारतीय, र. पुं. परांजपे, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले वगैरे अभिमान ठीक आहे, पण आठवीतल्या मुलाच्या घरी त्याने काही कळत नाही. घराला कळवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या एकच होती : प्रगतिपुस्तक, त्यात लाल शाईचा आकडा आणि खाली वडिलांची सही. आकडा फार लाल असला तर सही आईची किंवा थोरल्या भावाची, क्वचित स्वतःचीच. अकरावीची मॅट्रिक जाऊन सत्तरच्या दशकात दहावी आली. पुढे बराच काळ ७५० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे होते. बीजगणिताचा पेपर वेगळा, भूमितीचा वेगळा. कळवण्याची पद्धत तीच राहिली आणि तिच्यात खोट काढावी तेवढी थोडी, पण ‘१५० पैकी ४१’ याचा अर्थ विचारायला कोणाला शाळेत जावे लागत नसे.

खरी गुंतागुंत २०१० च्या आसपासची आहे. त्या दोन-तीन वर्षांत इतक्या गोष्टी एकदम बदलल्या की अनेक शिक्षकांनाही त्या एकत्र लावून पाहता आल्या नाहीत. शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकड्यांच्या जागी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या आणि शेजारी वर्णनात्मक नोंदी. मूल्यमापनाची कल्पना वाईट नव्हती. पण साठ-साठ मुलांच्या वर्गात या नोंदी कशा लिहिल्या जात हे सगळ्यांना ठाऊक आहे : तयार वाक्यांच्या यादीतून उचलून. ‘आकडेमोड करतो’, ‘गणितात रस घेतो’. अशी आठ वर्षे गेल्यावर नववीत पहिल्या घटक चाचणीला २० पैकी ३ येतात, तेव्हा घराला वाटते मुलाचे अचानक काहीतरी बिघडले.

आणि नववी ही तर शाळांची चाळणी. दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्याचा फलक फाटकावर लावायचा असेल तर गणितात कच्चे मूल नववीतच थांबवायचे किंवा पालकांना बोलावून ‘१७ नंबर भरा’ असे सुचवायचे. म्हणजे शाळेतून नाव काढून बाहेरून परीक्षेला बसवा. पुण्यातल्या किती घरांना आपल्या मुलाच्या गणिताची खरी स्थिती पहिल्यांदा या वाक्यातून कळली असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पुढे नववीच्या नापासांसाठी फेरपरीक्षा आली, ती याच कारणाने.

२०१० मध्येच ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभे केले, आणि सहापैकी उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरली जाऊ लागली. गणितात ३८ आणि एकूण ८२ टक्के, हे आता शक्य झाले. घरात सांगितले जाते ते ८२.

आता त्या शब्दाकडे वळू, ज्याने सगळ्यात जास्त घोळ घातला : सामान्य गणित. बीजगणित-भूमिती ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी दहावीला हा सोपा पर्याय साधारण याच काळात दिला गेला. हेतू चांगला होता. गणितात अडकून शाळा सोडणाऱ्या मुलांना दहावी पार करता यावी. पण हा विषय घेतला की अकरावी विज्ञान गेले, अभियांत्रिकीची पदविका गेली, वाणिज्य शाखेतले गणितही गेले. आणि नाव काय, तर ‘सामान्य’. मराठीत सामान्य म्हणजे सर्वांचे, नेहमीचे. सामान्य ज्ञान, सामान्य माणूस, सामान्य विज्ञान. तेव्हा ‘तुमचा मुलगा सामान्य गणित घेणार ना?’ असे कोणी विचारले तर साधा पालक म्हणणार, हो, विशेष काही नको, सगळे घेतात तेच द्या. विशेष गणित म्हणजे हुशारांचे आणि सामान्य म्हणजे आपले, असा समज करून घेऊन नववीतच सही झालेली कुटुंबे होती. काही शाळा निकाल सावरण्यासाठी मुलांना तिकडे ढकलतात, हा आरोपही तेव्हा सतत होत असे. शेवटी अभ्यासक्रम बदलताना हा पर्याय बंद झाला.

केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत हाच खेळ वेगळ्या नावांनी आला. २०१९ च्या जानेवारीत परिपत्रक निघाले आणि २०२० च्या दहावीपासून गणिताला दोन प्रश्नपत्रिका झाल्या, ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’. वर्ग एकच, पुस्तक एकच, अंतर्गत गुणही तसेच. फक्त शेवटचा पेपर सोपा. बेसिक घेणाऱ्याला अकरावीत गणित मिळणार नाही अशी मूळ अट होती. करोनाच्या वर्षी ती सैल केली आणि सवलत नंतरही चालू राहिली. पण बाणेर-औंधच्या घरांतून आजी-आजोबांपर्यंत हा निर्णय पोचला तेव्हा काय झाले असेल? ‘बेसिक’ म्हणजे पाया. पाया पक्का होतोय तर घेऊ दे की. आणि ‘स्टँडर्ड’ म्हणजे इयत्ता, टेन्थ स्टँडर्ड. एका भाषेत खालची पायरी दाखवणारा शब्द दुसरीत गुणासारखा ऐकू येतो, याचा विचार परिपत्रक लिहिणाऱ्याने केला नसावा.

राज्य मंडळाने नापासालाही याच सुमारास हळुवार शब्द दिला. २०१६ मध्ये गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’च्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ आले. पात्र! मुलाच्या मनाला लागू नये म्हणून हे केले, आणि त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण निकालाच्या दुपारी सायबर कॅफेत बसलेल्या वडिलांना ‘पात्र’ वाचून आनंद व्हावा की दुःख, हे शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला विचारावे लागत असेल, तर तो शब्द कोणासाठी होता?

२०२१ चा अनुभव मात्र वेगळ्याच जातीचा. परीक्षाच झाली नाही. निकालाच्या सूत्रात १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालाचे धरले, ३० दहावीच्या वर्षभराच्या कामाचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ‘नववीला कोण विचारतो’ म्हणणाऱ्या घरांना कळले की नववीलाच विचारले गेले. कळले तेव्हा नववी संपून वर्ष उलटले होते.

पालकांसाठी व्यासपीठे नव्हती असे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत असे शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण तो कायदा आठवीला थांबतो. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने शिक्षक-पालक संघ खासगी शाळांना बंधनकारक झाला, पण त्याचा जन्मच शुल्कासाठी. तिथे फी, बस आणि गणवेश यांवर तास जातो. गणितासाठी उरते ते ओपन हाउस : रांगेत उभे राहायचे, पंधरा मिनिटे उत्तरपत्रिका चाळायची, ‘सराव कमी पडतोय’ ऐकायचे आणि सही करून निघायचे. गणित न जमण्यामागे अध्ययन अक्षमता असेल तर सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची सवलत आहे, हे त्या पंधरा मिनिटांत क्वचितच कोणी सांगते. ज्यांना कळते त्यांना ते बहुधा दहावीच्या दिवाळीनंतर कळते, मग दाखल्यासाठी पळापळ.

या सगळ्यामागून २०२४ चा शेरा आला, आणि चर्चा झाली ती २० बरोबर की ३५ बरोबर यावर. गुणवत्ता ढासळेल असे एका बाजूने म्हटले गेले. एका विषयापायी शिक्षण सुटणाऱ्या मुलांचे काय, असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण सामान्य गणिताशी तुलना केली तर एक फरक ठळक दिसतो. नाव फसवे होते, शाळा ढकलत होत्या, सगळे मान्य. तरी तिथे सही आधी घेतली जात होती. चांगल्या वर्गशिक्षकाला पालकाला समोर बसवून ‘हे घेतले तर ते बंद’ असे सांगायला दोन वर्षे मिळत. शेऱ्यात विचारणा निकालानंतर आहे : हा शेरा स्वीकारता की पुन्हा बसता? जूनमधल्या प्रवेशाच्या धांदलीत, कटऑफच्या याद्या समोर असताना, काय स्वीकारले जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

हा शेरा ज्यांच्या गुणपत्रिकेवर पडू शकेल, ती मुले आज खालच्या वर्गांत आहेत. त्यांच्या प्रगतिपुस्तकात गणितासमोर अजून ब-१ असते, शेजारी ‘गणितात रस घेतो’, आणि खाली सहीसाठी ठिपक्यांची एक ओळ.