पश्चिमेच्या खिडकीचं गणित

मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर असतो आणि पश्चिमेपासून १२ अंश उत्तरेकडे कललेला असतो. पश्चिमेच्या भिंतीत ४ फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्यावर नेहमीचा २ फुटी छज्जा आहे असं समजा. या वेळी त्या छज्ज्याची सावली खिडकीच्या वरच्या फूटभर भागावर पडते, उरलेल्या तीन फुटांतून ऊन सरळ आत येतं. अख्खी खिडकी सावलीत आणायची तर छज्जा साधारण २.३ मीटर बाहेर काढावा लागेल. नॅशनल बिल्डिंग कोड सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, ०.७५ मीटरपर्यंतचाच छज्जा चालवून घेतो. थोडक्यात, पश्चिमेचं ऊन छज्ज्याने अडत नाही आणि ही गोष्ट पहिलं स्केच काढतानाच लक्षात घ्यावी लागते.

दक्षिणेचं नेमकं उलट आहे. पुणे १८.५ अक्षांशावर असल्यामुळे २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा ७१.५ अंशांवर. दक्षिणेच्या ४ फुटी खिडकीवर तोच २ फुटी छज्जा घातला, तर साधारण १ मार्चपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारी काचेवर ऊन पडत नाही. थंडीत ते आत येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. छज्जा तोच, सिमेंट-सळईचा खर्चही तोच. एका भिंतीवर तो पूर्ण उपयोगी ठरतो, दुसऱ्या भिंतीवर जवळजवळ वाया जातो. शाश्वत वास्तुरचना म्हटलं की लोकांना सोलर पॅनेल आणि गच्चीवरची बाग आठवते. आर्किटेक्टच्या ऑफिसात मात्र घराच्या उष्णतेचा मोठा हिशेब पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ठरून जातो. बेडरूम कुठे, जिना कुठे, खिडकी किती, हे त्या वेळी बदलायला एक पैसाही लागत नाही. एकदा का प्लॅन मंजुरीला गेला, की त्याच बदलाला सुधारित मंजुरी, नवं आरसीसी डिझाइन आणि क्लायंटची नाराजी अशी तिहेरी किंमत मोजावी लागते.

म्हणून प्लॉट हाती आला की आधी मोजणी होते. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून जमिनीचे चढ-उतार मोजतात, झाडांची जागा आणि बुंध्याचा घेर नोंदवतात, शेजारच्या इमारतींची उंची टिपतात. शेवटची नोंद हमखास राहून जाते. मग मॉडेलमध्ये दिवसभर उन्हात दिसणारी भिंत प्रत्यक्षात शेजारच्या सात मजल्यांच्या सावलीत निघते. उत्तर दिशेचा बाणही तपासावा लागतो, कारण जुन्या नकाशावरून उतरवताना तो कधी कधी दहा-पंधरा अंश फिरलेला असतो. तपासायची सोपी रीत अशी: जमिनीत सरळ काठी रोवायची आणि सूर्य माथ्यावर असताना सावलीची रेघ आखायची, ती रेघ उत्तर-दक्षिण असते. फक्त ही वेळ घड्याळातल्या बाराची नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावर बेतलेली आहे आणि पुणे ७३.८५ वर आहे. दर अंशाला ४ मिनिटं धरली की सुमारे ३५ मिनिटांचा फरक पडतो. त्यात सूर्याचा स्वतःचा वार्षिक मागेपुढेपणा मिळवला, तर पुण्याची खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांनी आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४९ मिनिटांनी होते. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला ही सावली उरतच नाही, तेव्हा त्या दिवसांत हा प्रयोग करू नये.

यानंतर ज्युनिअर आर्किटेक्ट इमारतीचं ओबडधोबड मॉडेल करतो आणि त्यावर वर्षाच्या ८,७६० तासांची हवामान फाइल चालवली जाते. सॉफ्टवेअर चित्रं सुंदर देतं. पण त्यातला वारा बहुतेक वेळा विमानतळावरच्या मोकळ्या मैदानातला असतो. दाट वस्तीतल्या दुसऱ्या मजल्यावर तेवढा वारा मिळेल असं धरून खिडक्या ठरवल्या, तर मे महिन्यात फसगत होते.

वाऱ्यावरून आपण पुन्हा पश्चिमेकडेच येतो. पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला मुख्य वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे जी दिशा सर्वांत त्रासदायक ऊन देते, हवासुद्धा तीच देते. भिंत बंद केली तर घर घुसमटतं, उघडी ठेवली तर भाजतं. मुंबईत या पेचावर सर्वांत देखणं उत्तर चार्ल्स कोरिया यांनी दिलं, ते १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत. समुद्राचा वारा आणि देखावा हवा, तर घरं पूर्व-पश्चिम तोंडानेच ठेवावी लागतात. पण मग दुपारचं ऊन आणि पावसाची झोडही पश्चिमेकडूनच येते. जुन्या बंगल्यांना भोवतालच्या व्हरांड्याने हेच संरक्षण दिलं होतं. कोरियांनी तो व्हरांडा मनोऱ्यात वर नेला आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या काढल्या. राहत्या खोल्या त्यांच्या आड गेल्या. वारा आत येतो, ऊन गच्चीतच थांबतं.

साध्या चार मजली सोसायटीत एवढी जागा मिळत नाही, पण तत्त्व वापरता येतं. पश्चिमेला जिना, लिफ्ट, टॉयलेट, स्टोअर, ड्राय बाल्कनी अशा कमी वेळ वापरायच्या जागा ओळीने लावायच्या. तिथे बेडरूम आणणं भागच असेल, तर खिडकी अरुंद आणि उभी ठेवायची, बाहेरून सरकत्या लुव्हरच्या (तिरप्या पट्ट्यांच्या) झडपा द्यायच्या किंवा खिडकीपुढे ५ फूट खोल बाल्कनी घ्यायची. बिल्डर लोकांना पश्चिमेला मोठी काच हवी असते, कारण ती ब्रोशरमध्ये छान दिसते. तिचा हिशेब ऐका. ३ चौरस मीटर साधी काच, पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यातल्या संध्याकाळचं ऊन चौरस मीटरला सुमारे ६०० वॅट, आणि साध्या काचेतून त्यातला जवळपास ८० टक्के भाग आत शिरतो. झाले १,४४० वॅट. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे अर्ध्या टनाला थोडी कमी एवढी एसीची ताकद एकट्या त्या काचेपायी जाते.

खिडकीतली दुसरी फसगत मापाची आहे, आणि ती जवळपास प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये दिसते. निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता २०१८ साली आली. घराच्या चटई क्षेत्रफळाच्या किती टक्के एवढा खिडक्या-दारांचा भाग प्रत्यक्ष उघडता यावा, हे तिने हवामानानुसार ठरवलं आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट विभागात ते १६.६६ टक्के, नागपूरसारख्या संमिश्र विभागात १२.५ टक्के आहे. हेच प्रमाण मुंबईतल्या १२ चौरस मीटरच्या बेडरूमला लावून पाहा. २ चौरस मीटर उघडं हवं. ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच खिडकी साधारण १.८६ चौरस मीटरची होते. ती दोन ट्रॅकची स्लायडिंग असेल तर एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे ०.९ चौरस मीटर. गरजेच्या निम्म्याहून कमी! तीच खिडकी बाहेर उघडणाऱ्या झडपांची केली तर सुमारे ९० टक्के उघडते. वर मच्छरजाळी आली की वारा आणखी घटतो. तरीही स्लायडिंग लावली जाते, कारण ती स्वस्त पडते, वाऱ्याने आपटत नाही आणि बाहेरच्या ग्रिलच्या आड येत नाही. तेव्हा झडपांची खिडकी हवी असेल तर ग्रिल आतून की बाहेरून, झडप धरून ठेवणारा स्टे कुठल्या जातीचा, हे वर्किंग ड्रॉइंगमध्येच, म्हणजे साइटवर बांधकामासाठी दिल्या जाणाऱ्या नकाशांतच, सोडवून द्यावं लागतं. नाही दिलं, तर साइटवर पुन्हा स्लायडिंग येते.

आता भिंत. एक चौरस मीटर भिंतीतून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. दोन्हीकडून प्लास्टर केलेल्या ९ इंची विटेच्या भिंतीची ती २ च्या आसपास, तर २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ब्लॉकच्या) भिंतीची ०.७५ च्या आसपास येते. १० चौरस मीटर भिंत आणि १० अंशांचा फरक धरला तर विटेतून २०० वॅट, ब्लॉकमधून ७५. यावरून ब्लॉक सर्वत्र श्रेष्ठ असं म्हणणं घाईचं ठरेल. पुण्यात एप्रिलमध्ये दिवस तापतो आणि रात्र बरीच उतरते. जड भिंत दिवसा उष्णता पोटात घेते आणि खिडक्या रात्रभर उघड्या असतील तर पहाटेपर्यंत निवते. मुंबईत रात्र फारशी उतरतच नाही, त्यामुळे तिथे जड भिंतीचा हा फायदा मिळत नाही आणि हलकी, उष्णतारोधक भिंत जास्त बरी पडते. रात्री एसी लावून खिडक्या बंद करणारं कुटुंब असेल, तर पुण्यातही ब्लॉकच योग्य. म्हणून क्लायंटला ‘रात्री खिडकी उघडी ठेवता का?’ हा प्रश्न डिझाइनच्या आधी विचारायचा असतो.

ब्लॉकच्या भिंतीला तडे जातात ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुधा हाताळणीचा असतो. गवंड्याला वीट पाण्यात भिजवायची सवय. ब्लॉक तसा भिजवला की तो पाणी धरतो, नंतर वाळताना आकसतो आणि भिंत फाटते. ब्लॉकच्या पृष्ठभागावर फक्त पाणी शिंपडायचं. जोड ३ मिलिमीटरचा, तयार चिकट मॉर्टरचा. साधारण १.२ मीटर उंचीवर सळई घातलेला पातळ काँक्रीटचा पट्टा. कॉलम-बीमला जिथे ब्लॉक भिडतो तिथे जाळी. प्लास्टर १:६ चं (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), कारण १:३ किंवा १:४ चं कडक प्लास्टर स्वतः जास्त आकसतं आणि मऊ ब्लॉकला ओढतं. इलेक्ट्रिकच्या पाइपसाठी खाच मशीनने कापायची, छिन्नी-हातोड्याने फोडायची नाही. यातलं एकेक वाक्य बीओक्यूमध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला दिलेल्या कामाच्या तपशीलवार यादीत, लिहिलेलं असावं लागतं. ‘ब्लॉकवर्क, पूर्ण’ एवढंच लिहिलं तर कॉन्ट्रॅक्टर त्याच्या सवयीने करणार, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही.

वरच्या मजल्यासाठी भिंतीपेक्षा स्लॅब महत्त्वाचा, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. १५० मिलिमीटर स्लॅब आणि त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) यांची यू-व्हॅल्यू साधारण २.२ भरते. इको निवास संहितेत छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. स्लॅबवर ५० मिलिमीटर एक्सपीएसचे (उष्णतारोधक घट्ट फोमचे) बोर्ड टाकून वर कोबा केला तर आकडा ०.५ पर्यंत खाली येतो. बोर्ड वरूनच घालावेत. खालून फॉल्स सीलिंगमध्ये घातले तर काँक्रीट दिवसभर तापतच राहतं आणि त्याचं रोजचं प्रसरण-आकुंचन वॉटरप्रूफिंगला चिरा पाडतं. शेवटचा थर पांढऱ्या चिनी मोझॅकचा. व्हाइटवॉशही चालतो, पण धुळीने त्याची चमक एका मोसमात उतरते. पावसाळ्यानंतर दरवर्षी नवा हात द्यावा.

पर्यावरणाचा भार फक्त विजेच्या बिलात नसतो. सिमेंट करायला १०० किलो चुनखडी भट्टीत भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि ही रासायनिक क्रिया आहे. भट्टीचं इंधन वेगळंच. त्यामुळे सर्वांत हिरवं काँक्रीट म्हणजे न ओतलेलं काँक्रीट. ते वाचवायची जागा पार्किंगच्या प्लॅनमध्ये असते. खालच्या गाड्यांच्या रांगा आणि वरच्या खोल्या यांचे कॉलम जुळले नाहीत, की वरचे कॉलम पेलायला जाडजूड ट्रान्सफर बीम घालावे लागतात. एका मजल्यावरच्या त्या बीमांत जितकं स्टील जातं, ते कुठल्याही ग्रीन रेटिंगच्या गुणांनी भरून निघत नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्लॅन पक्का झाल्यावर नव्हे, पहिल्या आठवड्यातच टेबलावर बोलवावं. फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरावं, मात्र ते ताकद हळूहळू धरतं. भारतीय मानकानुसार त्याला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं, ओपीसीला (राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटला) ७. ओपीसीच्या वेळापत्रकाने स्लॅबखालच्या आधाराच्या प्लेटा काढल्या तर स्लॅब वाकतो, आणि दोष मात्र सिमेंटला दिला जातो.

पाण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती सर्रास चुकते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस. १०० चौरस मीटर गच्चीवरून, गळती-बाष्पीभवन वजा जाता, ५६ हजार लिटर मिळतात. त्यातलं मोसमाचं पहिलं २ मिलिमीटर पाणी गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं. ते २०० लिटर बाजूला काढायला ३ फुटांचा जाड पाइप बसवलेला असतो. पण १६० मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे २० लिटरच मावतात. १० मीटर पाइप लागेल, नाहीतर २०० लिटरचा ड्रम ठेवावा. छोट्या पाइपामुळे उरलेली घाण थेट बोअरवेलमध्ये जाते.

इमारत राहती झाल्यावर एप्रिलमध्ये परत जाऊन तापमान मोजणारी ऑफिसं अजून थोडी आहेत, आणि हे बदलायला हवं. काम सोपं आहे: प्रत्येक खोलीत जमिनीपासून ४ फुटांवर, भिंतीला न चिकटवता आणि उन्हाबाहेर, दर १५ मिनिटांनी नोंद घेणारा लॉगर आठवडाभर ठेवायचा. आलेखाचं शिखर कुठे आहे ते पाहायचं. संध्याकाळी पाच-सहाला असेल तर दोष खिडकीचा. रात्री नऊ-दहाला असेल तर स्लॅब किंवा भिंत, कारण दुपारची उष्णता त्यांच्यातून आत यायला काही तास घेते. पहिल्या बाबतीत आतला जाड पडदा फारसं काम करत नाही. ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि पडदा तापून खोलीलाच तापवतो. बांबूचा चिक काचेच्या बाहेर, काचेपासून चार-सहा इंच अंतर ठेवून टांगावा, म्हणजे चिक तापला तरी ती गरम हवा बाहेरच्या बाहेर वर निघून जाते.