वापरलेल्या गाडीतील दोष आणि खासगी विक्रेत्याची जबाबदारी : कायद्याची पार्श्वभूमी

वापरलेली गाडी व्यापाऱ्याकडून न घेता थेट मालकाकडून घेतली आणि आठवड्याभरात तिचा गिअरबॉक्स निकामी झाला, तर खरेदीदाराला मिळणारे कायदेशीर संरक्षण बहुतेक देशांत व्यापाऱ्याच्या ग्राहकापेक्षा बरेच तोकडे असते. विक्रीचा कायदा व्यापाऱ्याला बांधत पुढे सरकत गेला आणि एखाददुसरी गाडी विकणारा मालक जुन्याच नियमाखाली राहिला, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. प्राचीन रोमच्या बाजारांवर देखरेख करणाऱ्या एडाइल या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि ओझ्याची जनावरे विकणाऱ्यांवर त्यांच्यातील रोग व दोष आधीच जाहीर करण्याचे बंधन घातले होते. दोष मागाहून उघडकीस आला, तर खरेदीदाराला सहा महिन्यांत सौदा मोडता येई किंवा वर्षभरात किमतीतील फरक मागता येई, आणि दोष ठाऊकच नव्हता ही विक्रेत्याची सबब चालत नसे. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने हाच विचार छुप्या दोषांच्या हमीच्या रूपाने स्वीकारला. त्यामुळे तिथे खासगी विक्रेताही तत्त्वतः जबाबदार असतो. दोषाची कल्पना नसलेल्याला करारात ही हमी नाकारता येते, पण जाणूनबुजून दोष दडवणाऱ्याला ती सवलत मिळत नाही.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. १६०३ च्या एका प्रसिद्ध खटल्यात एका सोनाराने विषावर उतारा मानला जाणारा जहरमोहरा म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला होता. तो खडा खोटा असल्याची तक्रार होती, तरीही ‘हा जहरमोहरा आहे’ असे नुसते म्हणणे म्हणजे हमी देणे नव्हे, असा निकाल लागला. खरेदीदाराने स्वतःच सावध असावे, हे सूत्र पुढे तिथल्या बाजाराचा पायाच बनले. जनावर असो वा गाडी, तिच्यासोबत वर्षानुवर्षे वावरलेला माणूस विक्रेताच असतो. म्हणून रोमन नियम मला अधिक न्याय्य वाटतो. १८९३ च्या इंग्लिश मालविक्री कायद्याने माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे अशी गर्भित, म्हणजे करारात न लिहिताही लागू होणारी अट घातली खरी, परंतु ती त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्यापुरतीच. भारताच्या १९३० च्या मालविक्री अधिनियमातील कलम १६ याच साच्यातले आहे, आणि ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदाही व्यापाऱ्यांनाच लागू होतो.

म्हणून खासगी सौद्यात सारा भर विक्रेत्याच्या शब्दांवर येऊन पडला. १९५७ च्या एका इंग्लिश खटल्यात मालकाने नोंदणी पुस्तिकेवर विसंबून गाडी १९४८ ची असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात ती १९३९ ची निघाली, कारण पुस्तिकेत आधीच कोणीतरी खाडाखोड केलेली होती. गाडी घेणारा स्वतः मोटारींचा व्यापारी असल्याने पडताळणी त्यालाच सोपी होती आणि मालकाने नुसते वाचलेले सांगितले, या आधारावर मालक सुटला.

दहा वर्षांनी मात्र उलट घडले. ‘हेराल्ड, कन्व्हर्टिबल, पांढरी, १९६१’ अशी हेराल्ड या मॉडेलच्या मोटारीची जाहिरात वाचून एकाने गाडी पाहिली आणि विकत घेतली. पुढे गॅरेजमध्ये उघड झाले, की मागचा अर्धा भाग १९६१ च्या हेराल्डचा, पुढचा अर्धा भाग त्याआधीच्या मॉडेलचा, आणि दोन्ही मधोमध वेल्डिंग करून जोडलेले. विक्रेत्यालाही याचा पत्ता नव्हता. खालच्या न्यायालयात खरेदीदार हरला. अपील न्यायालयाने मात्र, गाडी डोळ्यांनी पाहून घेतली असली तरी ती वर्णनावरूनच विकली गेली, असे ठरवून नुकसानभरपाई दिली. दर्जाची हमी नसली तरी वर्णन खरे असलेच पाहिजे, ही खासगी विक्रेत्यावरची खरीखुरी जबाबदारी या निकालाने अधोरेखित केली.

‘गाडी जशी आहे तशी’ असे कागदावर लिहून घेण्याची पद्धत अनेक देशांत रुळली आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. जर्मन नागरी संहितेच्या कलम ४४४ नुसार ज्याने फसवणुकीने दोष दडवला किंवा एखाद्या गुणाची हमी दिली, त्याला करारातील अशा अटीचा आडोसा घेता येत नाही.

नुसते गप्प बसणे फसवणूक ठरते का, हा त्याहून नाजूक प्रश्न. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मधील उदाहरणे याच मुद्द्यावर आहेत. सदोष घोडा लिलावात विकताना विक्रेता काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण ‘तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे खरेदीदाराने म्हटले आणि विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. गाडीची चेसिस कधी ठोकली आहे का, किलोमीटर मागे फिरवले आहेत का, असे सौद्यापूर्वी लेखी विचारून ठेवणाऱ्या खरेदीदाराची बाजू याच तत्त्वावर भक्कम होते.