फिनॉलचा इलेक्ट्रॉन कुठून निघतो? वनस्पतिरसायने, इलेक्ट्रोड आणि पुणे

चिरून ठेवलेले वांगे तपकिरी पडते. पानात कात आणि चुना एकत्र आले की तोंड लाल होते. दोन्हीकडे वनस्पतींतील फिनॉलिक संयुगांचे (बेंझिनसारख्या वलयाला ओ-एच गट जोडलेल्या संयुगांचे) ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे, चाललेले असते. वांग्यात क्लोरोजेनिक आम्लातले इलेक्ट्रॉन एका तांबेयुक्त विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हवेतल्या ऑक्सिजनकडे जातात. कातातल्या कॅटेचिनमधून ते सहज निघतात, कारण चुन्यामुळे फिनॉलचा प्रोटॉन आधीच सुटलेला असतो. हेच काम विकर आणि ऑक्सिजन बाजूला ठेवून, व्होल्टेज हळूहळू वाढवत इलेक्ट्रोडवर केले, तर इलेक्ट्रॉन किती सहज निघतो हे आकड्यात सांगता येते.

सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांना मात्र हा आकडा मिळत नव्हता. क्विनोन या संबंधित संयुगांचे विभव (इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची ओढ, व्होल्टमध्ये) कोनांट आणि फीझर यांनी 1922 ते 1924 या काळात व्यवस्थित मोजले होते, कारण तिथे इलेक्ट्रॉन घेतलेले आणि दिलेले अशी दोन्ही रूपे टिकतात. साध्या फिनॉलमधून इलेक्ट्रॉन काढला की जे उरते ते क्षणात दुसऱ्या रेणूला जाऊन चिकटते. समतोल साधतच नाही, मग मोजायचे काय? फीझर यांनी 1930 मध्ये अशा अस्थिर प्रणालींसाठी अप्रत्यक्ष पद्धत सुचवली. ती कल्पक होती, पण वळसा घालून जाणारी होती.

हेरॉव्हस्की यांची पोलॅरोग्राफी (पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर व्होल्टेज बदलत प्रवाह मोजण्याची पद्धत) 1922 मध्ये आली आणि 1959 मध्ये तिला नोबेल मिळाले, तरी या प्रश्नात तिचा फारसा उपयोग झाला नाही. तिचा थेंबाथेंबाने पडणारा पारा क्षपणासाठी (रेणूला इलेक्ट्रॉन देण्यासाठी) उत्तम, पण धन व्होल्टेजकडे गेले की फिनॉलच्या आधी पाराच ऑक्सिडीकृत होऊ लागतो. कॅन्ससमधील राल्फ ॲडम्स यांनी 1958 मध्ये कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड मांडला, 1965 च्या सुमारास ग्लासी कार्बन आला, आणि ही वाट मोकळी झाली. दरम्यान 1964 मध्ये निकोलसन आणि शेन यांनी सायक्लिक व्होल्टॅमेट्रीचे व्होल्टेज-प्रवाहाचे आलेख कसे वाचावेत याचे गणित दिले. व्होल्टेज वर नेऊन लगेच खाली आणायचे. परतीच्या वाटेवर प्रवाहाचे शिखर दिसले, तर तयार झालेला पदार्थ तेवढा वेळ टिकला असे समजायचे.

कांद्याच्या टरफलातल्या क्वेर्सेटिनवर ही पद्धत फार बोलकी ठरते. या रेणूत पाच हायड्रॉक्सिल गट आहेत. ब्रेट आणि गिका यांनी 2003 मध्ये दाखवले की शेजारी-शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिलांचा, म्हणजे कॅटेकॉलचा, जोड गट सर्वांत कमी व्होल्टेजला, दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन देऊन, परत फिरता येईल असा ऑक्सिडीकृत होतो. उरलेले गट नंतर आणि न परतणाऱ्या वाटेने जातात. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन समसमान निघत असतील, तर सामू (pH) एकाने वाढला की शिखर सुमारे 59 मिलिव्होल्टने खाली सरकते. शिवाय उत्पादनाचा थर इलेक्ट्रोडवर बसतो, म्हणून दर वेळी ॲल्युमिनाच्या पुडीने तो घासावा लागतो. हे कंटाळवाणे काम टाळले, तर पुढचा आलेख विश्वासार्ह राहत नाही.

आलेख 'किती व्होल्टला' ते सांगतो. 'कुठल्या अणूवरून' याचा मात्र त्यावरून केवळ अंदाज बांधता येतो. त्यासाठी गणन लागते. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूची ऊर्जा काढता येते असे सांगणारे होहेनबर्ग आणि कोन यांचे प्रमेयही नेमके 1964 चेच, पण ते रसायनशास्त्रज्ञांच्या रोजच्या हाताशी यायला नव्वदचे दशक उजाडले. इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनाची फिरक (स्पिन) रेणूत कुठे पसरते, कोणता ओ-एच बंध तोडायला सर्वांत कमी ऊर्जा लागते, हे मग संगणकावर पाहता येऊ लागले.

पुण्याशी या कथेचे नाते रेणू आणि गणन अशा दोन्ही बाजूंनी जुळते. 1957 मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन हे फ्लेव्होनच्या, म्हणजे क्वेर्सेटिनच्या कुळातल्या संयुगांच्या, रसायनात मुरलेले होते. फ्लेव्होन बनवण्याची बेकर–वेंकटरामन पुनर्रचना लाहोरमधल्या त्यांच्या 1933–34 च्या कामातून आली. पुढे 1988 मध्ये सी-डॅक ही संगणन संस्था उभी राहिली, 1991 मध्ये तिचा परम 8000 हा महासंगणक आला. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी रेणूभोवतीच्या विद्युत विभवाच्या अभ्यासाची भक्कम परंपरा रुजवली. ज्या शहरात रेणू बनवणारे आणि रेणूंचे गणन करणारे हात इतके जवळ आहेत, तिथे दोघांनी एकाच टेबलावर बसावे असे मला मनापासून वाटते. नुसते ऑर्बिटलचे (रेणूत इलेक्ट्रॉन जिथे वावरतो त्या जागेचे) रंगीत चित्र छापून 'येथून ऑक्सिडीकरण होते' म्हणणारे काम अपुरे आहे.

ते का, हे हळदीतल्या कर्क्युमिनवरून कळते. त्याचा हायड्रोजन फिनॉलमधून जातो की मधल्या डायकीटोनच्या साखळीतून, यावर बराच वाद होता. लित्विनिएंको आणि इन्गोल्ड यांनी 2004 मध्ये त्याची उकल केली. मिथेनॉलसारख्या द्रावकात आधी साखळीतला आम्लधर्मी प्रोटॉन सुटतो, मग त्या ऋण आयनातून इलेक्ट्रॉन वेगाने निघतो. ॲसेटिक आम्ल घातले की ही वाट बंद होते, अभिक्रिया मंदावते आणि फिनॉलचा गट पुढे येतो. निर्वात पोकळीतल्या रेणूवर केलेले गणन यातले काहीच दाखवणार नाही. द्रावक आणि सामू गणनात धरावेच लागतात, आणि ते नीट धरले की नाही हे सायक्लिक व्होल्टॅमेट्रीच्या शिखराशी ताडूनच ठरते.