यंत्र फुकट, रिएजंट बांधील : नागपूरच्या लॅब-उपकरण धंद्यामागची गोष्ट

रक्ततपासणीच्या जुन्या, हाताने चालणाऱ्या साधनांच्या, म्हणजे कलरीमीटर, साहलीची नळी आणि फ्लेम फोटोमीटरच्या जमान्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आपोआप रक्ततपासणी करणारे पहिले यंत्र अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आले, पण नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी लॅबचे दिवस पालटले ते सेमी-ऑटो अॅनालायझरमुळे, म्हणजे नमुना हाताने तयार करायचा आणि मोजणी यंत्राने करायची अशा यंत्रामुळे. १९९१ नंतर आयात सुटी झाली, आणि परदेशी सुटे भाग जोडून देशातच यंत्र उभे करणे परवडू लागले.

नागपुरात या यंत्रांची खरी कसोटी उन्हाळ्यात लागायची. एसजीपीटीसारखी (यकृताच्या) एन्झाइमची तपासणी ३७ अंशांवर, ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचतात. स्वस्त यंत्रातला हीटर नमुना तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४२-४३ अंशांवर गेली की रिडिंग फुगलेच समजा. म्हणून तापवणे आणि थंड करणे दोन्ही जमणारा पेल्टिये ब्लॉक इथे चैनीची वस्तू नव्हता. उन्हावर उपाय म्हणून खोलीत कूलर लावावा, तर त्याच्या दमट हवेने प्रकाशाचे फिल्टर खराब. पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकांत यातले काही लिहिलेले नसे. जो विक्रेता स्टॅबिलायझर आणि यंत्राचा जादा दिवा सोबत देई, त्याच्याकडेच लोक परत जात.

सेमी-ऑटो ‘खुले’ होते. कोणत्याही कंपनीचे रिएजंटचे (तपासणीच्या रसायनांचे) किट आणा, त्याचा फॅक्टर (हिशेबाचा गुणक) यंत्रात भरा, चालवा. पूर्ण स्वयंचलित यंत्रे आली तेव्हा हा खुलेपणा आटला. लाखोंचे यंत्र लॅबमध्ये विनामूल्य ठेवायचे, बदल्यात काही वर्षे ठरलेल्या रकमेचे रिएजंट त्याच कंपनीकडून घ्यायचे, असा करार रूढ झाला. अशा बऱ्याच यंत्रांत बाटलीवरचा बारकोड ओळखीचा नसेल तर यंत्र चालतच नाही. कंपन्या म्हणतात, यंत्र, रिएजंट आणि कॅलिब्रेटर (माहीत मूल्याचा प्रमाण-नमुना) एकत्र तपासलेले असले तरच निकालाची जबाबदारी घेता येते. म्हणणे खोटे नाही, परक्या रिएजंटने बिघडलेला निकाल रुग्णाच्या माथी बसतो. पण त्याच बारकोडने दरही बांधून ठेवला, हे कंपन्या सांगत नाहीत. दिवसाला मोजकेच नमुने येणाऱ्या तालुक्याच्या लॅबला किमान खरेदीची अट झेपत नाही. उघडलेले रिएजंट मुदतीत संपत नाही, ओतून टाकावे लागते, त्याचे पैसे मात्र द्यावेच लागतात. मोठ्या साखळी लॅब वाढल्या त्यात या अटीचाही वाटा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुरुस्ती करणारा स्थानिक कारागीरही याच करारांनी बाजूला पडला. सर्व्हिस पासवर्ड कंपनीच्या इंजिनिअरकडे, आणि तो बहुधा दुसऱ्या शहरात.

कायदा बराच उशिरा आला. पूर्वी निदान-किटांपैकी एचआयव्ही, कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि रक्तगटाच्या सीरमसारख्या मोजक्याच गोष्टींवर कडक नियंत्रण होते, यंत्र मात्र जवळपास मोकळेच. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये निघाले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून जवळजवळ सगळीच उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. जोखमीप्रमाणे ए (सर्वात कमी) ते डी (सर्वात जास्त) वर्ग पडले. ए (निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणे वगळून) आणि बी वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डीला ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन जुळणी करू पाहणाऱ्याला आता स्क्रू-सोल्डरइतकेच लक्ष गुणवत्ता-व्यवस्थेच्या फायलींकडे द्यावे लागते.

सध्या विदर्भात चर्चा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासीबहुल भागांतल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले गेले. प्राथमिक विद्राव्यता चाचणीला टेस्टट्यूब पुरते, विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसला टाकी आणि पॉवर सप्लाय. दोन्ही कुठेही बनू शकतात आणि दुरुस्तही होतात. हिमोग्लोबिनचे प्रकार नळीतून वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र मात्र बहुतेक वेळा स्वतःच्याच कॉलम (ती नळी) आणि किटवर चालते. त्यामुळे निविदेत यंत्राची किंमत पाहायची की प्रत्येक निकालाचा दर, हा वाद आता सरकारी खरेदीतही येऊन पोचला आहे.