हिरवे, पिवळे, करडे चौकोन किती बोलतात?

सकाळी ग्रुपवर कुणीतरी वर्डल या शब्द ओळखायच्या खेळाचे रंगीत चौकोन टाकतं. त्यात एकही अक्षर नसतं, म्हणून ज्यांचं खेळायचं राहिलंय त्यांचा विरस होणार नाही, असं आपण धरून चालतो. पण ते चौकोन वाटतात तेवढे मुके नाहीत.

जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर इंजिनिअरने हा खेळ आपल्या जोडीदारासाठी बनवला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांना खुला केला. रोज साऱ्या जगाला एकच पाच अक्षरी इंग्रजी शब्द, आणि तो ओळखायला सहा संधी. अक्षर बरोबर जागी पडलं तर हिरवा चौकोन, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नाहीच तर करडा. निकाल चौकोनांत मांडायची टूम न्यूझीलंडच्या खेळाडूंनी काढली. ते एकेक चौकोन हाताने टाइप करायचे. वॉर्डलने डिसेंबरमध्ये ती सोय खेळातच घातली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम 90 जण खेळत होते, दोन महिन्यांत ते तीन लाखांवर गेले.

आता थोडं गणित. खेळाच्या मूळ यादीत उत्तराचे 2,315 शब्द होते. फक्त 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर मिळणारे प्रश्न विचारायचे आणि दर वेळी उरलेले शब्द निम्मे करायचे ठरवले, तर 12 प्रश्न लागतील, कारण 11 वेळा निम्मे केल्याने 2,048 शब्दच आवाक्यात येतात. शक्यता एकदा निम्म्या झाल्या की एक बिट माहिती मिळाली, असं गणितज्ञ क्लॉड शॅननच्या 1948 सालच्या माहिती सिद्धांतात मोजतात. म्हणजे वर्डलचं उत्तर साधारण 11.2 बिटांचं. पहिला शब्द चांगला निवडला तर एका ओळीतच सरासरी सहाच्या जरा आत बिट हाती लागतात. संगणकाने सगळ्या वाटा तपासल्या तेव्हा 'सॅलेट' हा सुरुवातीचा शब्द सर्वांत सरस ठरला. बिनचूक खेळलं तर सरासरी 3.42 संधींत उत्तर सापडतं.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती अशी की, कधी कधी मुद्दाम चुकीचा शब्द टाकणं हीच सर्वोत्तम चाल असते. समजा, शेवटची चार अक्षरं आय, जी, एच, टी अशी हिरवी झाली आहेत आणि तीन संधी उरल्या आहेत. नेहमीच्या वापरातले शब्द धरले तर एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे आठ उरतात. एकेक करून बघितले तर आठांतले तीनच तपासून होतील. त्याऐवजी 'फ्लेम' टाका. ते उत्तर नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, पण त्यात एफ, एल, एम आणि ई एकदम तपासले जातात. एफ हिरवा झाला तर फाइट, एल पिवळा झाला तर लाइट, एम पिवळा तर माइट, ई पिवळा तर एट. सगळेच करडे आले, तर पुढे 'स्नोअर' टाकायचा. त्यातले एस, एन, आर उरलेल्या चारांचा निकाल लावतात, आणि तिसऱ्या संधीत उत्तर हमखास मिळतं. (हार्ड मोडमध्ये मिळालेली अक्षरं पुन्हा वापरावीच लागतात, त्यामुळे ही वाट तिथे बंद आहे.)

आता ग्रुपकडे वळू. एका ओळीत रंगांच्या 243 जुळण्या मांडता येतात. त्यातल्या पाच खेळात कधीच येत नाहीत, कारण चार हिरवे असताना पाचवा पिवळा होऊच शकत नाही. समोरच्याने कोणता शब्द टाकला हे माहीत नसेल, तर त्या ओळीतून फारसं काही कळत नाही. पण मैत्रीण रोज 'क्रेन'नेच सुरुवात करते हे ठाऊक असेल, आणि तिची पहिली ओळ करडा, पिवळा, हिरवा, करडा, हिरवा अशी असेल, तर? सी आणि एन बाद झाले, ए मधोमध, ई शेवटी आणि आर दुसऱ्या जागी नाही. उरतात शेअर, स्पेअर, स्टेअर, फ्लेअर, ग्लेअर असे मोजके शब्द. तुमची एकही संधी खर्च न होता एक अख्खी ओळ फुकट मिळाली! अनोळखी लोकांचे चौकोनही हजारोंनी जमवले तर बोलू लागतात. कुणाच्या ओळीत पहिला करडा आणि पुढचे चारही हिरवे दिसले, की ज्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलून दुसरा शब्द होत नाही असे सारे शब्द बाद. अशा गाळण्या एकावर एक बसत जातात. म्हणून आपलं खेळून होईपर्यंत ग्रुप उघडूच नये, असं माझं मत आहे.

हाच खेळ मराठीत आणायचा तर कोणती खूण द्यायची, याचा मुळापासून विचार करावा लागतो. इंग्रजीत 26 अक्षरं, आपल्याकडे बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर शेकडो. त्यामुळे अख्खं अक्षर तंतोतंत जुळणं दुर्मीळ, बहुतेक चौकोन करडेच येणार. आणि जे येणार हे आधीच ठाऊक असतं, त्यातून माहिती जवळपास मिळत नाही. उत्तर 'पुरण' आहे आणि कुणी 'परात' टाकलं, तर सरळ नियमाने तिन्ही चौकोन करडे. पण 'व्यंजन बरोबर, काना-मात्रा चुकली' अशी चौथी खूण ठेवली, तर त्याच 'परात'मधून पहिली दोन व्यंजनं जागच्या जागी कळतात आणि त्यांच्या काना-मात्रा व ण एवढंच शोधायचं उरतं.