कळा सुरू झाल्यावर रिपोर्ट कुठून आणायचा? नागपुरातल्या गरोदर बायांसाठी कागदपत्रांची माहिती

ही गोष्ट जुलै २०२१ ची. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती, तिसरीची धास्ती होती, आणि वस्तीतल्या बाया मातृ वंदना योजनेचे (पहिलटकरणीला मिळणाऱ्या सरकारी पैशाचे) परत आलेले अर्ज पिशवीत घालून नागरी आरोग्य केंद्राच्या चकरा मारून राहिल्या होत्या. दीड वर्ष आशाताईंच्या शेजारी बसून फॉर्म भरून देत होतो. त्यातून दिसलं ते असं: मुळात अपात्र म्हणून परत जाणाऱ्या बाया थोड्या, एखाद्या तारखेपायी नाहीतर नावापायी अडकणाऱ्या फार.

आधी दवाखान्याच्या दाराचं बोलू, कारण तिथे पैसे नाही, जीव अडकतो. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या एका मुलीला रात्री कळा सुरू झाल्या. खासगी दवाखान्यात नऊ महिने नाव नोंदलेलं, पण दारातच विचारलं, कोरोनाची आरटीपीसीआर चाचणी कुठे? रिपोर्ट होता, पण पाच दिवस जुना. सासूबाई म्हणाल्या, "काहून जी, पोट का रिपोर्टची तारीख पाहून दुखते?" उत्तर मिळालं नाही. ऑटो फिरवून सरकारी दवाखाना गाठला.

तेव्हाचा नियम पाठ करून ठेवावा असा होता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) १८ मे २०२० च्या सूचनेत स्पष्ट होतं की चाचणी झाली नाही म्हणून बाळंतपणासह कुठलीही तातडीची प्रक्रिया लांबवायची नाही. सप्टेंबर २०२० च्या सूचनेत आणखी एक वाक्य आलं: चाचणीची सोय नाही या कारणावरून गरोदर बाईला दुसरीकडे पाठवायचं नाही, नमुना घेऊन पाठवायची व्यवस्था दवाखान्याने करायची. म्हणजे चाचणी व्हायची, पण ती उपचार सुरू असताना. दारात कोणी अडवलं तर वाद घालू नका, "भरती करत नाही असं लेखी द्या" एवढंच म्हणा. बहुतेक ठिकाणी इथेच सूर बदलतो. तरीही आठवा महिना संपताना चाचणी कुठे करायची, अँटिजेन चाचणी कुठे लगेच होते, हे विचारून ठेवायला तेव्हा सांगायचो. नियम आपल्या बाजूने असला तरी रात्री दोन वाजता वाद घालायची ताकद कोणात नसते. चाचणी पॉझिटिव्ह आली तर बहुधा मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांकडे पाठवायचे. दुसरीकडे पाठवलं तर जाताना माता बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद सोबत द्यायला विसरू नका.

सरकारी दवाखान्यात, मग तो डागा असो, मेयो असो की मेडिकल, जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेणं-परत सोडणं मोफत आहे. २०११ पासून. यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पिवळं रेशनकार्ड लागत नाही. कोणी मागितलं तर त्या माणसाला योजनाच ठाऊक नाही असं समजा. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

आता त्या कार्डाकडे येऊ. माता बाल संरक्षण कार्ड, म्हणजे आशाताई देतात ते. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख लिहितात आणि पुढचं सगळं त्याच तारखेवर चालतं. बाया ही तारीख अंदाजे सांगतात, "संक्रांतीच्या आगेमागे" वगैरे. ताई कार्डावर एक लिहितात, फॉर्मवर दुसरी पडते आणि मातृ वंदनेचा अर्ज पोर्टलच्या करेक्शन क्यूमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या रांगेत, जाऊन बसतो. तो तिथे आहे हे कोणी फोन करून सांगत नाही. महिनाभरात हप्ता दिसला नाही तर आपणच केंद्रात जाऊन विचारायचं.

दुसरा घोळ माहेरचा. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, तिथे नवं कार्ड काढतात. दोन कार्डं म्हणजे दोन नोंदी. नागपुरातलं कार्डच वर्धा-भंडाऱ्याला न्या, तिथल्या सिस्टरांना त्याच्यावरच तपासणी लिहायला सांगा. बाळाचा जन्मदाखलाही बाळ जिथे झालं तिथलाच मिळतो, घराच्या पत्त्यावरून नाही. २१ दिवसांत नोंद व्हायला हवी. दवाखान्यातून बाहेर पडतानाच ती झाली का, विचारून घ्या.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये २०२१ मध्ये पहिल्या जिवंत अपत्यासाठी होते, तीन हप्त्यांत. नोंदणीनंतर १,०००, सहा महिने पूर्ण होऊन एक तरी तपासणी झाल्यावर २,००० आणि बाळाच्या जन्माची नोंद व पहिल्या फेरीच्या लसी (साडेतीन महिन्यांपर्यंतच्या) पूर्ण झाल्यावर उरलेले २,०००. बाई किंवा नवरा गरीबच असायला हवा अशी अट तेव्हा नव्हती. सरकारी नोकरीतल्या बाया मात्र यात बसत नाहीत. खासगी दवाखान्यात बाळंतपण झालं तरी चालतं. गर्भ पडला तर उरलेले हप्ते पुढच्या खेपेला मिळायचे. हे कोणी सांगायचं नाही, म्हणून अशा बाया परत दारातच यायच्या नाहीत.

सगळ्यात जास्त चुकायचा तो १५० दिवसांचा हिशोब. तेव्हा नोंदणी १५० दिवसांच्या आत हवी होती, आणि हे दिवस शेवटच्या पाळीपासून मोजायचे. दिवस गेल्याचं कळल्यापासून नाही, पहिल्या सोनोग्राफीपासूनही नाही. पाळी १० जानेवारी २०२१ ची असेल तर ९ जूनला मुदत संपली. लोक "पाच महिने आहेत" म्हणून बसायचे आणि दिवस गेल्याचं कळेपर्यंतचा दीड महिना विसरायचे. २०२० च्या टाळेबंदीत सतरंजीपुरा-मोमीनपुऱ्यासारखे भाग सील होते, तिथली बाई नोंदणीला जाणार कशी, हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. मुदत चुकली तर पहिल्या हप्त्याची आशा सोडावी लागायची, पण बाकीचे दोन मागता यायचे.

कागदांपैकी नडतो तो आधार. बाईच्या आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. दोन्हींवर एकच नाव हवं. आधार बदलायचं की बँक, तर बँकेत बदलणं सोपं पडतं. तेव्हा नवऱ्याचं आधारही मागायचे. नवरा सोडून गेलेल्या किंवा याच साथीत गमावलेल्या बाईने ते कुठून द्यायचं? फॉर्म बनवणाऱ्याला असं घर माहीत नसावं. अशा वेळी अर्ज परत न घेता केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायला आणि पोच घ्यायला सांगायचो.

खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नाही; अनुदान त्या खात्यात यावं म्हणून आधार जोडणं, म्हणजे आधार सीडिंग, वेगळं करावं लागतं. आणि पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही, सगळ्यात शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातो. एका बाईचा हप्ता सहा महिने "आलाच नाही" होता, शेवटी लग्नाआधी उघडलेल्या जनधन खात्यात सापडला. मोबाइलवरून *९९*९९*१# लावलं की आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते कळतं.

जननी सुरक्षा योजनेचे पैसे वेगळे: दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बायांना शहरात ६०० रुपये. जातीचा दाखला लागतो, तो आधीच काढा.

तेव्हा लशीचंही विचारायचे. २ जुलै २०२१ पासून गरोदर बायांनाही कोविडची लस घ्यायची मुभा मिळाली, कुठल्याही महिन्यात.

आणि ज्यांची बाळंतपणं जून-जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या धामधुमीत झाली, त्यांच्यासाठी: मातृ वंदनेचा दावा तेव्हा शेवटच्या पाळीपासून ७३० दिवसांपर्यंत करता यायचा. कार्डावर पाळीची तारीखच नसेल तर बाळाच्या जन्मापासून ४६० दिवस धरायचे. पाळी १ ऑक्टोबर २०१९ ची असेल तर ३० सप्टेंबर २०२१ ही शेवटची तारीख होती.